वाचनाची ओढ आणि आपली समीक्षा

दिवाळी २०२१ पासून २०२३ च्या पावसाळ्यापर्यंत मी एकही पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले नाही. तेहतीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने हे छापून सांगावे यात शोभा नाही, हे मला कळते. त्यातून आपल्या चळवळीत न वाचणारा माणूस जवळजवळ गद्दार समजला जातो. ‘शिका’ हा आपल्याला मिळालेला पहिला शब्द. ज्यांच्या कानांत शिसे ओतण्याची भाषा धर्मशास्त्रांनी केली, त्यांच्या वंशातल्या माणसाने हाती आलेले पुस्तक मिटून ठेवावे, याला काय म्हणावे? म्हणूनच हे कोणी उघड बोलत नाही. खाजगीत विचारले तेव्हा माझ्या पिढीतल्या चार कार्यकर्त्यांनी आणि दोन प्राध्यापकांनी मान्य केले की त्यांचेही असेच झाले आहे. भाषणे चालू आहेत, वाचन थांबले आहे.

या पावणेदोन वर्षांत मी गप्प बसलो होतो असेही नाही. सात व्याख्याने दिली. दोन कवितासंग्रहांना प्रस्तावना लिहिल्या. त्या लिहिताना संग्रहातल्या पहिल्या दहा आणि शेवटच्या पाच कविता वाचल्या. बाकीचे काम सवयीने निभावले. वेदना, विद्रोह, नकार हे तीन शब्द आणि त्यांच्या भोवतीची वीसेक वाक्ये एवढे भांडवल माझ्यासारख्याकडे कायमचे जमा असते. कवी खूश झाले. त्यांनीही प्रस्तावना पूर्ण वाचल्या नसाव्यात.

हे असेच चालले असते. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये एका महाविद्यालयात दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर चर्चासत्र होते आणि बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’वर मी बोलायचे होते. हे पुस्तक मी १९८७ साली, म्हणजे ते येऊन वर्ष झाले असताना, एम. ए. ला असताना वाचले होते. तेव्हाची वही माझ्याकडे होती. त्या वहीवरून मी चाळीस मिनिटे बोललो. भूक, अंधश्रद्धा, सासुरवास, शाळेतला अपमान, बाबासाहेबांची हाक. सगळे मुद्दे बरोबर होते. शेवटी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी उभी राहिली. तिने विचारले, “सर, या पुस्तकात आषाढ महिना आलाय. घरं सारवायची, न्हायचं, सणाचं रांधायचं, बायका नुसत्या हरखून गेल्यात. तुम्ही त्यातलं काहीच सांगितलं नाही. ते त्यांनी इतकं आनंदानं का लिहिलं असेल?”

माझ्या वहीत आषाढ नव्हता. मी म्हणालो, त्या आनंदामागेही वेदनाच आहे. टाळ्या पडल्या. मुलगी खाली बसली. ती पुस्तक वाचून आली होती आणि मी वाचून आलो नव्हतो, हे त्या सभागृहात आम्हा दोघांनाच ठाऊक होते.

घरी येऊन कपाटाकडे पाहिले. दर वर्षी ६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कवर मांडलेल्या दुकानांतून दोन पिशव्या भरून पुस्तके आणायची, हा माझा अनेक वर्षांचा शिरस्ता आहे. शासनाने १९७९ पासून काढलेले, वसंत मूनांनी ज्यांच्या संपादनाला आयुष्य दिले ते बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंडही आहेत. त्यांतल्या कितींची पाने माझ्या बोटांनी उलटली आहेत हे मोजायचे मी टाळले. विकत घेणे हेच वाचणे असे माझ्या मनाने केव्हातरी ठरवून टाकले होते.

मोबाइलला शिव्या देणे सोपे आहे आणि त्या अगदीच खोट्याही नाहीत. रोज सकाळी बाबासाहेबांच्या नावावर चार सुविचार येतात. त्यांतले दोन त्यांचे नसतात आणि पाठवणाऱ्याने खंड उघडून पाहिलेला नसतो. परंतु माझ्यापुरते बोलायचे तर रोग आधीचा आहे. माझे वाचन थांबले ते मी निवृत्त झाल्याबरोबर. यावर मी पुष्कळ विचार केला. नोकरी होती तोवर अभ्यासक्रमासाठी, चर्चासत्रासाठी, परीक्षण लिहिण्यासाठी, कुणाला उत्तर देण्यासाठी वाचत होतो. काम संपले आणि वाचायचे कारणच उरले नाही. म्हणजे त्याआधीची कित्येक वर्षे मी वाचत नव्हतोच. मी पुस्तकांतून पुरावे गोळा करीत होतो.

लहानपणी असे नव्हते. १९७२ च्या दुष्काळात माझी आई आणि आत्या खडी फोडायला जात. मी अकरा वर्षांचा होतो. गावात वाचनालय होते, परंतु आमच्या वस्तीतल्या पोरांना पुस्तक खिडकीतून मिळे, दारातून नाही. आणि मिळे तेही दुसऱ्या कुणाला नको असलेले. एकदा बाबूराव अर्नाळकरांची एक रहस्यकथा मिळाली, तिची शेवटची पाने फाटलेली होती. मी ती गोष्ट खडीच्या ढिगाजवळ बसून बायकांना सांगितली. खुनापर्यंत आलो आणि थांबलो. आत्याने हातोडा खाली ठेवला. “म्होरं?” पुढचे माझ्याकडे नव्हते. मी रचून सांगितले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बायकांनी विचारले म्हणून दुसरे रचून सांगितले. त्या कादंबरीत खुनी कोण होता हे मला आजतागायत ठाऊक नाही. अर्नाळकरांचे नाव मी पुढे तीस वर्षे चारचौघांत घेतले नाही, कारण ते वाचन आपल्या वैचारिक भूमिकेत बसत नव्हते.

इथे मला आपल्या समीक्षेशी थोडे भांडायचे आहे. दलित साहित्य आनंदासाठी नाही, ही भूमिका आपण घेतली आणि ती योग्यच होती. आमच्या माणसांचे उपाशी मरणे वाचून कुणा पांढरपेशा रसिकाला आनंद होणार असेल, तर तो आनंद आम्हाला नको होता. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) मध्ये आनंदाच्या कसोटीला हरकत घेतली आणि वाचक अस्वस्थ होणे महत्त्वाचे मानले. मी हा मुद्दा वर्गात वर्षानुवर्षे शिकवला आहे आणि आजही तो मागे घेत नाही. पण आनंद बाहेर काढताना त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट घराबाहेर गेली आणि ती गेल्याचे आमच्या लक्षातही आले नाही. ती म्हणजे ओढ. आनंद वेगळा, ओढ वेगळी. ‘म्होरं?’ म्हणून हातोडा खाली ठेवणाऱ्या बाईला आनंद होत होता की नाही मला माहीत नाही. पण तिला पुढचे हवे होते. पुस्तकाने वाचकाला पुढच्या पानावर कसे नेले, कुठे थांबवले, कुठे हसवले, कशाने चकवले, हे प्रश्न आम्ही कलावाद्यांचे म्हणून सोडून दिले. मग राहिले काय? जन्म, भूक, शाळा, अपमान, आंबेडकर. आत्मकथन हाती घेण्याआधीच त्यात काय सापडणार हे ज्याने ठरवले आहे, त्याला ते वाचण्याची इच्छा कशी व्हावी? ‘बलुतं’ १९७८ चे, ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ चे, ‘उपरा’ १९८० चे. तीन वर्षांत आलेली ही तीन पुस्तके बोलीने, स्वभावाने, सांगण्याच्या रीतीने एकमेकांपासून किती दूर आहेत! आमच्या परीक्षणांत मात्र ती एकाच आईची तिळी भावंडे दिसतात. प्रस्थापित समीक्षक आमच्या लेखनाला नुसता दस्तऐवज म्हणतात म्हणून आम्ही चिडलो, आणि स्वतः मात्र ते तसेच वाचत राहिलो.

बाबासाहेबांच्या वाचनाचेही आम्ही हेच केले. जयंतीच्या निमित्ताने ठिकठिकाणी ‘अठरा तास अभ्यास’ हा उपक्रम होतो. मी स्वतः तो सहा वर्षे चालवला. मुले पहाटे सहाला बसतात, रात्री बाराला उठतात, प्रमाणपत्र घेतात. त्यांच्या चिकाटीची मी थट्टा करीत नाही. परंतु आम्ही बाबासाहेबांचे तास उचलले आणि त्यांची भूक मागे ठेवली. न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा घेऊन या माणसाने जुन्या बाजारातून सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. ती वेगळ्या जहाजाने हिंदुस्थानकडे निघाली आणि १९१७ साली, महायुद्ध चालू असताना, ते जहाज पाणतीराने बुडाले. कर्तव्य म्हणून कुणी दोन हजार पुस्तके घेत नाही. आणि ती बुडाल्यावर पुन्हा सुरुवात करून, मुंबईत घर बांधायचे तर ते ग्रंथांना जागा होईल असे बांधावे, हेही कर्तव्यबुद्धीने होत नाही. कृ. अ. केळुसकर गुरुजींनी मॅट्रिक झालेल्या मुलाला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, ते १९०७ साल होते. धर्मांतर झाले १९५६ ला. मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांत ते पुस्तक त्या माणसाच्या मनात काय करीत होते, हा वाचनाच्या इतिहासातला केवढा मोठा प्रश्न आहे! त्याऐवजी आम्ही तास मोजत बसलो.

बेबीताईंचेही तसेच. फलटणला त्या छोटे दुकान चालवीत. पुड्या बांधायला आलेली रद्दी त्या वाचत. नवऱ्याच्या नजरेआड लिहीत आणि लिहिलेले वर्षानुवर्षे लपवून ठेवीत. पुढे ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ ला पुस्तक झाले. रद्दीच्या तुकड्यावर गोष्ट निम्मीच असते. उरलेली कुणाच्या तरी साखरेबरोबर निघून गेलेली असते. असे वाचणाऱ्या बाईला वाचनाची गोडी कशी लावावी, यावर कुणाचे मार्गदर्शन लागले नसेल.

२०२३ च्या जूनमध्ये माझी तीच आत्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आमच्याकडे आली. वय पंच्याऐंशीच्या घरात. डोळ्याला हिरवी पट्टी, टीव्ही बंद, बाहेर पाऊस. तिसऱ्या दिवशी ती कंटाळली. “मास्तर हायस न्हवं? मग वाच की रं कायतरी.” टेबलावर ‘जिणं आमुचं’ पडले होते; चर्चासत्रापासून ते तिथेच होते आणि मी त्याच्याकडे बघायचे टाळत होतो. तेच घेतले.

वीरगावच्या वर्णनाने सुरुवात होते. दोन पाने झाली असतील, आत्या म्हणाली, “हळू वाच. कोण कुणाची, त्ये कळू दे.” मी हळू वाचू लागलो. आणि मला पहिल्यांदा कळले की या पुस्तकाची वाक्ये डोळ्यांसाठी लिहिलेलीच नाहीत. ती जवळ बसलेल्या बाईला सांगितलेली आहेत. मनात वाचताना जे पसरट वाटते ते मोठ्याने वाचताना दम घेण्याच्या जागांसकट बरोबर बसते. हे पुस्तक एकटीचे नसून समूहाचे आत्मकथन आहे, असे वाक्य माझ्या वहीत १९८७ पासून होते. ते कुठल्यातरी परीक्षणातून उतरवलेले असावे. ‘आमुचं’ या शब्दाचा अर्थ मला कळला तो आत्याने मध्येच “आमची काशी आशीच व्हती” म्हणून त्या ‘आमुचं’मध्ये आपले माणूस आणून बसवले तेव्हा.

आषाढाचे प्रकरण आले. ती हसायला लागली. डोळ्याला ताण देऊ नका असे डॉक्टरांनी सांगितले होते, म्हणून माझी बायको रागावली. आत्या म्हणाली, “आगं, वरीसभर घाणीत ऱ्हायचं आन् त्या म्हैन्यात येकदा डोकं न्हायचं. त्या पाण्याचं सुक तुला न्हाय कळायचं.” त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हे होते. आनंदामागे वेदना आहे हे मी सभेत म्हणालो ते खोटे नव्हते, पण ते उत्तर म्हणजे पळ काढणे होते. वर्षातून एकदा मिळालेला सण त्या बाईने पुरता उपभोगला आणि पुरता लिहिला. तो आपल्या सिद्धान्तासाठी तिच्याकडून परत घेण्याचा मला अधिकार नव्हता. त्याच प्रकरणांच्या आसपास पोतराज आहे, अंगात येणे आहे, आणि बेबीताई त्यावर कोरडे ओढतात. दोन्ही गोष्टी एकाच लेखणीतून आल्या आहेत. आम्ही समीक्षकांनी मात्र त्यांतली एकच उचलली.

सुनांच्या छळाच्या भागापाशी आत्या गप्प झाली. “आता ऱ्हाऊ दे,” म्हणाली. मग तीन दिवस तिने पुस्तकाचे नाव काढले नाही. माझ्या वहीत या भागासाठी ‘स्त्रीशोषण’ या मथळ्याखाली चार ओळी आहेत. चौथ्या दिवशी ती आपणहून बोलली : “ही बाई खोटं लिवत न्हाय. पर आमच्या सासूनं मला येक डाव सवताच्या पुढ्यातली भाकर दिली व्हती, मी पोटुशी व्हते तवा. मारायची बी तीच. त्ये कुठं लिवलंय का?” मी म्हणालो, नाही. “मग म्होरं वाच. यील आसंल.” ते आले नाही. पण ते येईल म्हणून आम्ही दोघांनी पुस्तक शेवटपर्यंत वाचले. पावणेदोन वर्षांनंतर मी पूर्ण केलेले हे पहिले पुस्तक.

यात नवीन काही नाही, हे मला ठाऊक आहे. माझे वडील निरक्षर होते. मुंबईच्या गिरणीतून सुटीवर आलेला एक नातेवाईक ‘जनता’चा अंक घेऊन येई आणि चावडीमागे बसून वाची, वडिलांना त्यातले लेखच्या लेख तोंडपाठ होते. एकाने वाचायचे, पन्नासांनी ऐकायचे, अशाच रीतीने आपला समाज वाचायला लागला. वामनदादा कर्डकांना कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि ते वाचता आले नाही, त्या लाजेतून ते अक्षरे शिकले. दुकानांच्या पाट्या वाचून त्यांनी सराव केला. समोर वाट बघणारा दुसरा माणूस होता म्हणून ती लाज वाटली. खोली, खुर्ची, दिवा आणि एकांत ही वाचनाची कल्पना आपल्याकडे नोकऱ्यांबरोबर आली. एकांताला माझी हरकत नाही. बाबासाहेबांना तो परळच्या चाळीतल्या एका खोलीत पहाटे दोनला उठून मिळवावा लागला. परंतु एकांत मिळाल्यावर आपण मागच्या पन्नासांना विसरलो, आणि मग कुणासाठी वाचायचे ते समजेनासे झाले.

वर्षावासात विहारातून ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन होते, ते आहेच की, असे कुणी म्हणेल. आमच्याही विहारात होते. मला ते प्रिय आहे, पण खरे सांगितले पाहिजे : वाचणारा पाने उरकतो आणि ऐकणारे शेवटच्या वंदनेची वाट बघतात. मध्येच कुणी “थांबा, हे पटलं नाही” म्हणत नाही. ज्या ग्रंथात प्रश्न विचारण्याला एवढा मान आहे तो प्रश्नांवाचून वाचला जातो. पोथी सोडून आलो आणि वाचण्याची रीत पोथीचीच राहिली.

त्या विहाराच्याच मागच्या खोलीत आता अभ्यासिका आहे. दहा-बारा मुले पोलीस भरती आणि एमपीएससीची तयारी करतात. त्यांच्यापुढे फक्त प्रश्नसंच असतात. ती वाचत नाहीत असे म्हणण्याची माझी हिंमत नाही. ती दिवसाला दहा तास वाचतात आणि त्यांना वाचनाचा वीट आलेला आहे. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी वीज गेली तेव्हा मी बॅटरीच्या उजेडात त्यांना बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ वाचून दाखवली. कथासंग्रह १९६३ चा, त्यांच्या आईबापांच्याही जन्माआधीचा. जात लपवून उधण्याला रेल्वेच्या कामावर गेलेला तो तरुण खोली शोधतो, तिथपर्यंत पोरे चुळबुळत होती. मग एकाने विचारले, “सर, उधना म्हणजे सुरतजवळचं? माझा भाऊ तिकडं आहे.” पुण्यात खोली बघताना आडनाव अर्धेच सांगितल्याचे दुसऱ्याने सांगितले. वीज आली. कुणी उठले नाही. कथेच्या शेवटी तो तरुण मार खाऊन उठतो तेव्हा दोष मारणाऱ्यांवर न ठेवता मनूवर ठेवतो. त्यावर त्यांचे कडाक्याचे भांडण झाले. निम्म्यांचे म्हणणे, मारणारे सुटले कसे? मी मध्ये पडलो नाही. त्या कथेवर मी दोन निबंध लिहिले आहेत. हा प्रश्न मला पडला नव्हता. त्यांच्यापैकी तिघे आता आठवड्यातून एकदा पुस्तक मागायला येतात. बाकीचे येत नाहीत. त्यांची परीक्षा जवळ आली आहे.

मी पूर्वीइतके वाचत नाही. पुस्तकात मन लागले नाही तर तीस पानांवर मिटतो आणि त्याबद्दल आता कुणाची क्षमा मागत नाही. न वाचलेल्या पुस्तकावर बोलत नाही. त्यामुळे व्याख्याने घटली. प्रस्तावनांना नकार देतो. त्या मुलीला तिच्या प्राध्यापकांमार्फत पत्र पाठवले, आत्याचे आषाढाबद्दलचे वाक्य जसेच्या तसे लिहून.

आत्या गावी गेली, पुन्हा आली. या वेळी अण्णा भाऊ साठे यांचा ‘फकिरा’ घेतला. आमच्या घरात अण्णा भाऊ फारसे नव्हते, हेही इथे नोंदवतो. १९५९ साली त्यांनी ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, हे आम्ही भाषणात सांगतो. पण बौद्धांच्या कपाटात एक पुस्तके आणि मातंगांच्या कपाटात दुसरी, अशी वाटणी आम्ही मुकाट्याने होऊ दिली. “मांगाची गोष्ट हाय व्हय?” असे आत्यानेही सुरुवातीला विचारले. दहाव्या पानानंतर तिने ते पुन्हा विचारले नाही. परवा उपासमारीच्या दिवसांत धान्य लुटून आणण्याचा भाग आला. मी रंगात येऊन वाचत होतो. तिने हाताने थांबवले. तिला ७२ चा दुष्काळ आठवत असणार.

“दर मानशी किती आलं?” तिने विचारले. मला सांगता आले नाही. मी दोन पाने मागे गेलो आणि पुन्हा वाचू लागलो.